हिरवा दोरा

आमच्या ह्यांना दारू चालत नाही. पेल्यातही नाही आणि काडतुसातही नाही. हा विनोद माझाच आहे आणि मी तो इतक्या वेळा सांगितलाय की ओळखीपाळखीत आता कोणी हसत नाही. पण ह्यांची ओळख करून द्यायला याहून सोपी वाट मला सापडलेली नाही.

ह्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. पुढच्या खोलीत फ्रेमा, आरसे, अक्षरांचा तक्ता आणि गल्ल्यावर मी. मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र, आणि त्याच्या वरच्या फळ्यांवर ह्यांची काडतुसं. बंदुकीची नव्हेत, लढाऊ विमानांच्या तोफांची. कोणाला टपाल तिकिटांचा नाद असतो, कोणाला नाण्यांचा, आमच्या नशिबी हे आलं. काही जाड मेणबत्तीएवढी, काही दुधाच्या बाटलीएवढी, आणि सगळी मेलेली. 'मेलेली' हा ह्यांच्या मंडळाचा शब्द. म्हणजे खालच्या पुंगळीत दारू नाही, वरच्या टोकात स्फोटक नाही, बुडातली ठिणगी पाडणारी टोपी काढलेली किंवा उडालेली.

मंडळ म्हणजे ह्यांच्यासारखेच चारपाच जण. रविवारी सकाळी मागच्या खोलीत जमतात आणि एखादं नवं काडतूस मधे ठेवून त्याची कुळकथा शोधतात. व्हर्नियर लावून तोंड मोजतात, चुंबक लावून पुंगळी पितळेची की पोलादाची ते बघतात, बुडावरचे शिक्के भिंगाखाली वाचतात. टोकाखाली तांब्याचं एक कडं असतं. त्यावर तोफेच्या नळीचे ओरखडे असले तर ते टोक एकदा उडून आलेलं. मला यातली अक्कल आहे असं नाही. चहा नेऊन देता देता पाठ झालंय.

या मंडळाचा एक नियम आहे. नवं काडतूस आलं की त्याच्या गळ्यात लाल दोरा. मग दोघांनी, वेगवेगळ्या दिवशी, आपापल्या डोळ्यांनी तपासायचं. दोघंही 'मेलेलं' म्हणाले की लाल सोडून हिरवा. एकट्याने हिरवा बांधायचा नाही, मग तो कितीही मोठा जाणकार असो. आणि जरा जरी शंका आली तर त्या वस्तूला हात लावायचा नाही, हलवायची नाही, घराबाहेर पडायचं आणि बॉम्बनाशक पथकाला फोन करायचा. लोक ह्यांच्याकडे माळ्यावर सापडलेल्या कसल्या कसल्या वस्तूंचे फोटो घेऊन येतात, चष्म्याचा नंबर काढता काढता हे त्यांना तेच सांगतात. दोन्ही रंगांच्या दोऱ्यांची रिळं ह्यांच्या खिशात कायम असतात.

मला या सगळ्याचा अभिमान होता. घरात मी ह्यांना कितीही टोचून बोलत असले तरी बाहेर मी ह्यांचा डंका पिटायची. माहेरी तर जरा जास्तच.

माहेर म्हणजे आता दादा आणि वहिनी. दादा छापखान्यातून निवृत्त झालाय. वहिनी शिवणकाम करते, अजूनही. बाल्कनीच्या दाराशी उजेड चांगला येतो, तिथे तिचं मशीन असतं. ती मुळात कमी बोलते. मी पडले बोलघेवडी. लग्न होऊन ती घरात आली तेव्हापासून अकलेचं खातं माझ्याकडे आणि कामाचं तिच्याकडे, अशी वाटणी कोणी न करताच झाली, आणि मी ती कधी मोडू दिली नाही.

दोनेक महिन्यांपूर्वी दादाने आम्हाला जेवायला बोलावलं. जुन्या बाजारात त्याला एक काडतूस मिळालं होतं, खास ह्यांना दाखवायला त्याने ते घेतलं होतं. आम्ही जिना चढून गेलो तर दाराबाहेर एक बादली, बादलीत वाळू, आणि वाळूत ते काडतूस मानेपर्यंत पुरलेलं. वहिनीने घरात घेऊच दिलं नव्हतं.

"भावोजी बघतील आणि सांगतील, मग आत," ती म्हणाली.

"भित्री भागूबाई!" मी म्हणाले, आणि सगळे हसले.

ह्यांनी ते हलक्या हाताने वाळूतून काढलं. वीतभराहून थोडं उंच, सव्वा किलोच्या आसपास. सदतीस मिलिमीटर, जुन्या जेट विमानाच्या तोफेचं. हे लगेच रंगात आले. कुठल्या काळातलं, विमानाच्या नाकाखाली ती तोफ कशी बसवायचे, ती उडाली की विमान कसं थरथरायचं. दादा लहान मुलासारखा ऐकत होता. मग ह्यांनी पुंगळीच्या अंगाला पाडलेली दोन भोकं दाखवली, आरपार. बुडात टोपी नव्हती.

"सरावाचं दिसतंय," हे म्हणाले. "सैनिकांना तोफ भरायला शिकवताना असली पोकळ वापरतात. लाल बांधून ठेवतो. पुढच्या रविवारी मंडळातल्या कोणाला तरी घेऊन येतो, तोवर इथेच राहू द्या."

"म्हणजे नक्की नाही?" वहिनीने विचारलं.

तिचं विचारणं साधं होतं. पण मला ते झोंबलं. माझ्या नवऱ्याने बघून सांगितल्यावर हिला अजून कोण हवंय?

"वहिनी, अगं भोकं दिसतायत ना? आंधळ्यालाही कळेल. आणि तुम्ही हो, उगाच कशाला ताणताय? बांधा तो हिरवा आणि चला आत, पानं वाढलीत."

"अगं पण दुसऱ्या कोणी..."

"दुसऱ्या कोणी काय? तुमच्याहून जास्त कळतं का त्यांच्यातल्या कोणाला? तुम्हीच म्हणता की!"

हे म्हणतात, खरंच. पण फक्त मला, आणि फक्त घरी. ते चारचौघांत बाहेर आल्यावर हे लाजले, खुलले आणि खिशात हात घालून त्यांनी हिरवं रीळ काढलं. मी लगेच फोटो काढला. हे काडतूस धरून उभे, शेजारी दादा, मागे वहिनी. फोटोत वहिनीसुद्धा हसतेय. बादली आत गेली आणि काडतूस बाल्कनीच्या दाराला टेकू म्हणून उभं राहिलं, कारण ते दार वाऱ्याने आपटायचं.

निघताना वहिनीने मला एक पिशवी दिली. पडद्याच्या उरलेल्या कापडाची, वर ही मोठी मोठी सूर्यफुलं. "पट्टे मजबूत आहेत, वन्सं. काहीही भरा," ती म्हणाली. मी "छान आहे गं" म्हटलं आणि घरी आल्यावर कपाटाच्या तळाशी टाकली. असली पिशवी घेऊन मी बाजारात गेले असते तर लोकांना वाटलं असतं पडदा चोरून आणलाय.

त्यानंतर आला हा परवाचा रविवार.

मंडळात एक सुतार आहे, त्याने एक काडतूस आणलं होतं, दादाकडे आहे अगदी तसलंच, सरावाचं. बघून, मोजून, लाल दोरा बांधून मंडळी गेली. मी पेले गोळा करायला मागच्या खोलीत गेले तर हे खुर्चीवर बसलेले. एका हातात ते काडतूस, दुसऱ्या हातात माझा फोन, डोळ्यावर भिंग.

"काय झालं?"

चेहरा असा की मला वाटलं छातीत दुखतंय.

"अहो, काय झालं?"

"भोकं पुंगळीला आहेत," हे म्हणाले. "टोकाला नाहीत."

मग त्यांनी मला समजावलं, आणि इतक्या हळू आवाजात की मला वाकून ऐकावं लागलं. सरावाच्या काडतुसाचं टोक म्हणजे धातूचा अखंड ठोकळा असतो. सुताराच्या काडतुसाचं तसंच होतं. दादाच्या काडतुसाच्या टोकावर मात्र वेगळा फ्यूज, म्हणजे स्फोट सुरू करणारा भाग, बसवलेला होता. फोटो मोठा केल्यावर त्याचा सांधा दिसत होता, किल्ली लावून पिळायच्या दोन खाचा दिसत होत्या. आणि खालचं तांब्याचं कडं गुळगुळीत होतं, एक ओरखडा नाही. म्हणजे कधीही न उडालेलं टोक. जुन्या बाजारात कोणीतरी शोभेसाठी एकाची पुंगळी आणि दुसऱ्याचं टोक जोडून टाकलं होतं.

"म्हणजे जिवंत आहे?"

"माहीत नाही. तेच तर. माहीत नाही, आणि मी हिरवा बांधला."

अशा वेळी बहिणीच्या मनात पहिल्यांदा भावाचा विचार यावा. माझ्या डोळ्यांपुढे आलं ते वहिनीचं तोंड. 'म्हणजे नक्की नाही?' विचारणारं.

हे दादाचा नंबर लावायला लागले. मी फोनवर हात ठेवला.

"थांबा."

"थांबा काय? त्यांना घराबाहेर काढायला पाहिजे. आत्ता."

"आणि मेलेलंच निघालं तर? पथक येणार, अख्खी गल्ली रस्त्यावर येणार, आणि शेवटी फुसका बार. दादा आपल्याला पुन्हा दारात उभं करेल? वहिनी तर जन्मभर ऐकवेल."

वहिनीने आजवर कोणालाही काहीही ऐकवलेलं नाही. हे मला बोलतानाही माहीत होतं.

"आपणच जाऊ," मी म्हणाले. "मंडळाचं प्रदर्शन आहे, चार दिवसांसाठी नेतो म्हणू. अलगद उचलून आणू. मग इथे तुमच्या त्या सुताराला दाखवा, पथकाला बोलवा, काय हवं ते करा. तिकडे कोणाला कळायला नको."

"हलवायचं नसतं ते."

"दोन महिने दार आपटतंय त्याच्यावर. दादा त्याच्या बुडाने अक्रोड फोडतो, मी पाहिलंय. एवढं सोसलं त्याने, आता तासाभराने काय आभाळ कोसळतंय?"

ह्यांनी फोन ठेवला. ह्यांची हीच खोड. जगात कोणाचं ऐकणार नाहीत, माझं ऐकतात. इतकी वर्षं मला त्याचं कौतुक वाटत आलंय.

मी घरात जाऊन एक जाड टॉवेल घेतला, वर्तमानपत्रं घेतली, आणि पिशवी शोधायला लागले. माझ्या चांगल्या पिशव्यांचे पट्टे हाताने ओढून बघितले, एकाचाही भरवसा वाटेना. शेवटी कपाटाच्या तळातून ती सूर्यफुलांची काढली.

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. हे हात मांडीवर उताणे ठेवून बसले होते. आमच्यापुढे एक बाई कलिंगड घेऊन बसली होती, मागे कोणीतरी फोनवर भांडत होतं, दारात कॉलेजची पोरं लोंबकळत होती.

"येतानाही एवढीच माणसं असतील," हे म्हणाले.

"येताना टॅक्सी करू," मी म्हणाले.

"टॅक्सीवाला माणूसच असतो."

मी खिडकीबाहेर बघितलं.

वहिनीने दार उघडलं. गळ्यात टेप, ओठांत टाचणी. आम्हाला बघून तिने टाचणी काढून बाहीला टोचली आणि हसली. न सांगता आलेल्या पाहुण्यांकडे बघून असं हसता येणं मला जमलेलं नाही. दादा न्हाणीघरात होता, आतून पाण्याचा आवाज येत होता. ती पुन्हा मशीनवर बसली. "एवढी बाही संपवते आणि चहा टाकते," म्हणाली.

काडतूस दाराला टेकून उभं होतं. तिच्या उजव्या पायापासून हाताच्या अंतरावर. गळ्यात हिरवा दोरा, नीट फुलगाठ मारलेला. मशीनचं चाक फिरलं की फरशी बारीक थरथरत होती आणि दोऱ्याचं सुटं टोक हलत होतं. तिने बादली आत घेऊ दिली ती या दोऱ्याच्या भरवशावर. दोन महिने ती त्याच्याशेजारी बसून लोकांचे कपडे शिवत होती.

मी पाठ केलेलं म्हणून टाकलं. प्रदर्शन आहे, चारच दिवस, जपून नेऊ. बोलता बोलता पिशवी मशीनशेजारी ठेवून तोंड उघडलं, आत टॉवेल पसरला. जीभ अगदी व्यवस्थित चालत होती. माझी जीभ मला कधी दगा देत नाही.

"न्या की," वहिनी म्हणाली. "थांबा, मीच देते. वाकायला नको तुम्हाला, कंबर दुखते ना तुमची."

आणि मशीन थांबवून ती वाकली.

"हात लावू नका!"

ह्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वहिनीचा हात तिथेच थांबला.

"वहिनी, हळूच उठा. पाय लागू देऊ नका. अशा इकडून या, माझ्याकडे." हे दारातच उभे होते, घामाने डबडबलेले. "माझं चुकलं. ते मेलेलं आहे की नाही मला माहीत नाही. मी टोक नीट बघितलं नाही आणि हिरवा बांधला. तुम्ही विचारलं होतं, नक्की का म्हणून, आणि मी खोटं सांगितलं. दादांना बाहेर बोलवा. सगळ्यांनी खाली जायचं."

वहिनी पाऊल मोजत मशीनमागून बाहेर आली, गॅस बंद आहे का बघितलं, न्हाणीघराचं दार वाजवून म्हणाली, "अहो, असाल तसे बाहेर या." दादा टॉवेलवर बाहेर आला. त्याने ह्यांच्या तोंडाकडे बघितलं, खुंटीवरचा सदरा ओढला आणि चालू लागला.

पुढचं सगळं पथकाच्या लोकांनी केलं. ती माणसं झटपट आली, इमारत रिकामी केली, गल्लीच्या दोन्ही टोकांना पट्ट्या बांधल्या. आम्ही सगळे चौकापलीकडे. खालच्या न्हाव्याकडचं एक गिऱ्हाईक अर्ध्या तोंडाला साबण घेऊन उभं होतं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं, ते म्हणत होते, "मरायचंच आहे तर पलंगावर मरू द्या की रे!" कोणाचा डाळीचा कुकर अर्धवट राहिला होता, कोणाचा इंटरव्ह्यू होता. आणि हे प्रत्येकाजवळ जाऊन सांगत होते. "चूक माझी आहे. मी न बघता सांगितलं. त्यांचा काही दोष नाही." कोणी विचारलेलंही नसताना. एकाने ह्यांना आईवरून शिवी दिली. ह्यांनी मान खाली घातली आणि पुढच्या माणसाकडे गेले.

मी बायको म्हणून शेजारी उभं राहायला हवं होतं. मी न्हाव्याच्या पाटीआड उभी राहिले, त्या शिवी देणाऱ्याला आम्ही एका घरातले वाटू नये म्हणून.

दादा माझ्याशी बोलला नाही. वहिनी त्याचे ओले केस स्वतःच्या ओढणीने पुसत होती. गळ्यात अजून टेप होता.

वेळ जाईना. आणि मग मला एक इच्छा झाली. ते जिवंत निघू दे. फुटायला नको, कोणाला खरचटायलाही नको, पण निघू दे जिवंत. म्हणजे ही सगळी माणसं आमचे उपकार मानतील. म्हणजे हे मूर्ख ठरणार नाहीत, वेळेवर येऊन सगळ्यांचा जीव वाचवणारे ठरतील, आणि मी त्यांची बायको. ज्या घरात मी लहानाची मोठी झाले, त्या घरात दोन महिने खरा मृत्यू उभा असू दे, असं मी भर चौकात, डोळे मिटून, अगदी मनापासून मागत होते.

पथकाची प्रमुख एक तरुण बाई होती, माझ्या भाचीच्या वयाची. ती हेल्मेट काढत चौकात आली.

"टोकात सिमेंट भरलंय," ती म्हणाली. "आत स्फोटक नाही. शोभेची वस्तू आहे. आम्ही घेऊन जातोय, तुम्ही घरी जाऊ शकता."

मग तो साबणवाला ओरडला, "म्हणजे सिमेंटपायी मी अर्धा गाल वाळवला!" आणि सगळा चौक हसायला लागला. आजोबासुद्धा. दादाही हसला, वहिनीचा हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हे फुटपाथच्या कडेवर मटकन बसले आणि रडायला लागले. आनंदाने. मला ह्यांचा चेहरा माहीत आहे, त्या रडण्यात दुसरं काहीही नव्हतं.

माझा मात्र जीव खट्टू झाला. एक क्षणभरच, पण झाला. भावाचं घर शाबूत आहे हे ऐकून खट्टू झालेली बहीण. मी मान वर केली तर वहिनी माझ्याकडे बघत होती. ती हसत नव्हती.

"बोलावलंत ते बरोबरच केलंत," ती अधिकारी ह्यांना म्हणाली. "सिमेंट आहे हे बाहेरून मलाही कळलं नसतं. पण एक विचारायचंय." तिने मागच्या माणसाच्या हातून काहीतरी घेतलं. सूर्यफुलांची पिशवी. "ही त्या वस्तूच्या शेजारी होती. तोंड उघडं, आत टॉवेल, वर्तमानपत्रं. कोणी ती हलवणार होतं का? ही कोणाची आहे?"

हसणं हळूहळू थांबलं. माझी ती जीभ, जी मला कधी दगा देत नाही, टाळूला चिकटून बसली.

"माझी," हे म्हणाले.

फुटपाथवरून उठून उभे राहत, डोळे पुसत, हे म्हणाले, "माझी आहे. गुपचूप न्यावं असं माझ्या मनात होतं."

मग त्या पोरीने ह्यांना झापलं. आवाज न चढवता, सगळ्यांसमोर, शाळेतल्या मुलाला झापावं तसं. तुम्ही जाणकार म्हणवता, बसमधून नेणार होतात का, वाटेत काय झालं असतं. हे प्रत्येक वाक्याला "हो" म्हणत होते. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला फक्त एक शब्द बोलायचा होता, तोच शब्द, जो हे बोलले होते. मी बोलले नाही. मी वाट बघत राहिले की ती कधी थांबते.

ती थांबल्यावर वहिनी पुढे झाली. "द्या इकडे," म्हणाली, आणि पिशवी घेऊन जिना चढली.

हे आणि दादा खालीच राहिले, आजोबांची खुर्ची वर न्यायला. मी वहिनीच्या मागोमाग वर गेले. बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटत होतं. तिने त्याला एक स्टूल लावलं. फरशीवर हिरवा दोरा पडला होता, पथकाने कापलेला. तो उचलून तिने मशीनच्या खणात टाकला, दुसऱ्या दोऱ्यांमध्ये. मग पिशवीतला टॉवेल काढून घडी करायला लागली.

"वहिनी," मी म्हणाले. "ती पिशवी माझी आहे."

"माहितीये," ती म्हणाली. "मीच शिवलीय ना."

मला खूप काही बोलायचं होतं. हे नको म्हणत होते, मीच घेऊन आले. त्या दिवशी हिरवा दोरा मीच बांधायला लावला. तू वाकलीस तेव्हा मी तुला थांबवलं नाही, ह्यांनी थांबवलं. आणि खाली चौकात मी जे मागितलं ते. यातलं एकही वाक्य तोंडातून बाहेर पडेना, नुसती मशीनला धरून रडत राहिले.

वहिनीने मला रडू दिलं. पिशवी उलटी करून तिने झटकली, पट्ट्याची शिवण उजेडात धरून अंगठ्याने ताणून बघितली, जशी ती कुठलंही काम गिऱ्हाइकाला देण्याआधी बघते.

"पट्टे दुहेरी शिवलेत, वन्सं," ती म्हणाली. "वजन पेललं असतं."

आणि घडी करून तिने ती माझ्या हातात दिली.